सोसायटीचं जुनं दप्तर स्कॅन करायचंय: मजकूर, फोटो, शिक्के आणि नकाशे, सगळं मिसळलेलं

दप्तरदार (नेरूळ)

पुनर्विकासाच्या बोलणीआधी सोसायटीचं सगळं दप्तर स्कॅन करायचं ठरलं आहे. इमारत 1988ची, पानं अंदाजे 4,000. त्यात सिडकोचे करारनामे (स्टॅम्प पेपरवर टाइप केलेले, जांभळे आणि लाल शिक्के), भोगवटा प्रमाणपत्र, हस्तलिखित इतिवृत्तं, कार्बन कॉप्या, निळे अमोनिया प्रिंट असलेले नकाशे आणि दोन स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल. अहवालांत एका पानावर चाचणीचे तक्ते आणि त्याच पानावर भेगांचे रंगीत फोटो.

नमुन्यादाखल एक अहवाल दोन प्रकारे स्कॅन करून घेतला. कृष्णधवल केला तर मजकूर सुरेख, फाइल लहान, पण फोटो म्हणजे काळे डाग. रंगीत केला तर 180 पानांचे 210 एमबी झाले, ई-मेलने जाईना. ती फाइल दाबून 20 एमबीवर आणली तर तक्त्यातले आकडे वाचवेनात. मजकूर शोधता यावा, फोटो दिसावेत आणि फाइल पाठवता यावी, हे तिन्ही एकत्र कसं जमवायचं?

पारसिक

जमतं. पण त्यासाठी पानाला एकच सेटिंग लावायचं सोडून द्यावं लागेल.

आधी हिशोब. ए4 पान 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508, म्हणजे 87 लाख ठिपके. 24 बिट रंगीत ठेवलं तर कच्चा आकार 26 एमबी. 1 बिट, म्हणजे नुसतं काळं-पांढरं ठेवलं तर 1.1 एमबीच्या आसपास, आणि ग्रुप 4 पद्धतीने दाबल्यावर टाइप केलेलं पान साधारण 30 ते 60 केबीत बसतं, तेही एकही ठिपका न गमावता. तुमच्या पहिल्या नमुन्याची फाइल लहान का, ते यात आलं.

जेपीजीचं काम वेगळं. ते 8 × 8 ठिपक्यांचे चौकोन घेऊन त्यातला हळूहळू बदलणारा रंग साठवतं. भिंत, आकाश, चेहरा हे त्याला सोपं जातं. अक्षराची कड म्हणजे एका ठिपक्यात पांढऱ्यावरून काळ्यावर उडी. ती साठवायला त्याला जास्त जागा लागते. ती जागा नाकारली की अक्षराभोवती मळकट जाळी उमटते आणि 3 चा 8 वाटू लागतो. तुमच्या दुसऱ्या नमुन्यात नेमकं हेच झालंय.

यावरचा उपाय म्हणजे पानाचे थर पाडणं. याला एमआरसी म्हणतात, मिक्स्ड रास्टर कंटेंट. एका पानाच्या तीन प्रतिमा होतात:

पहिली 'मास्क'. फक्त 1 बिट, पूर्ण 300 डीपीआय. अक्षरं, रेषा, तक्त्यांच्या चौकटी यात.
दुसरी अक्षरांच्या शाईचा रंग. अगदी कमी रेझोल्यूशनची, मोजून काही केबी.
तिसरी पार्श्वभूमी. फोटो, कागदाचा रंग, डाग. 100 किंवा 150 डीपीआयला, जेपीजी किंवा जेपीजी 2000 मध्ये.

पीडीएफ उघडल्यावर तिन्ही एकावर एक बसतात आणि डोळ्याला एकच पान दिसतं. दोन फोटो असलेलं पान साधारण 100 ते 150 केबीत येतं. तुमचा 180 पानांचा अहवाल 18 ते 27 एमबीत बसेल, आणि आकडे 300 डीपीआयच्या धारेचे राहतील. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे आणि जोडपत्र पाठवताना आकार आणखी फुगतो, म्हणून अहवालाचे दोन भाग केलेत तर बरं.

कल्पना नवी नाही. डेजाव्ह्यू हा फाइलप्रकार याच तत्त्वावर 1990च्या दशकात एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. पण सभासदांच्या फोनवर तो उघडणार नाही, पीडीएफच ठेवा.

गोखले_रोड

पारसिक यांचं तांत्रिक म्हणणं बरोबर आहे, पण एक विचारतो. 4,000 पानं रंगीत, प्रत्येकी 1.2 एमबी धरली तरी जेमतेम 5 जीबी. पेनड्राइव्हवर मावेल. मग एवढा खटाटोप का?

पारसिक

साठवायला खटाटोप नकोच. मूळ स्कॅन जसे आहेत तसे मोठेच ठेवायचे. थर पाडायचे ते वाटपाच्या प्रतीसाठी. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढे पंचाईत होते, कारण थर पाडताना सॉफ्टवेअर ठरवतं की हे अक्षर आणि हे चित्र. त्याचा निर्णय चुकला तर दुरुस्त करायला मूळ स्कॅन हवा.

मूळ प्रत: 300 डीपीआय रंगीत, टिफ (एलझेडडब्ल्यू) किंवा जेपीजी दर्जा 90 च्या वर. जेपीजी असेल तर रंगांचं सबसॅम्पलिंग बंद, म्हणजे 4:4:4. नेहमीच्या 4:2:0 मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी होते. काळ्या अक्षराला त्याने फारसा फरक पडत नाही. लाल शिक्क्यावरचा बारीक जावक क्रमांक मात्र फिसकटतो. टिफ घेतलंत तर 4,000 पानांना 50-60 जीबी धरा.

खारीगाव_टोलनाका

सॉफ्टवेअरच्या आधी कागद. निम्मी डोकेदुखी तिथेच असते.

पिना आणि टाचण्या आधी काढा, पण ओढून नाही. गंजलेली पिन ओढली की कागदाचा तुकडा सोबत येतो. मागच्या बाजूने पाय सरळ करा, पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि पिन वर उचला. पावसाळ्यात स्कॅनिंग काढूच नका. आपल्याकडच्या दमट हवेत कागद लाटा धरतो, एडीएफमध्ये (पानं आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये) दोन पानं एकत्र ओढली जातात आणि एक गायब होतं. नाइलाज असेल तर गठ्ठा सुटा करून एसीच्या खोलीत दोन दिवस दडपणाखाली ठेवा. बुरशीची पानं वेगळी काढा, मऊ ब्रशने उघड्या हवेत झाडा, तोंडाला मास्क लावून.

फ्लॅटबेड घेताना लांबी बघा. सर्वसाधारण ए4 स्कॅनरची काच 216 × 297 मिमी असते. स्टॅम्प पेपर आणि हिरवा लेजर कागद त्याहून लांब, लीगल आकार 356 मिमी. खालच्या सह्या आणि शिक्के नेमके कापले जातात आणि गठ्ठा परत बांधून झाल्यावर ते लक्षात येतं. लीगलपर्यंतचा एडीएफ किंवा ऑफिसमधलं ए3 काचेचं मशीन वापरा.

काचेचा दुसरा मुद्दा सेन्सरचा. कॅनन लाइडसारख्या पातळ स्कॅनरांत सीआयएस सेन्सर असतो. त्याचा फोकस जवळजवळ काचेवरच, कागद दोन-तीन मिलिमीटर उचलला गेला की मजकूर धूसर. सुट्या पानांना उत्तम, शिवलेल्या इतिवृत्ताच्या वह्यांना नाही, कारण शिवणीजवळ पान उचललेलंच राहतं. तिथे सीसीडी सेन्सरचा फ्लॅटबेड, नाहीतर स्टँडवर कॅमेरा आणि वरून काच.

एडीएफवर प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल तर फ्लॅटबेडच्या शेजारची अरुंद काचपट्टी पुसा. रेघ त्यावरच्या कणामुळे येते, मोठी काच कितीही पुसली तरी जात नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही.

कार्बन कॉपीचा कागद पातळ असतो, मागचा मजकूर पुढे झिरपतो. मागे पांढऱ्याऐवजी काळा कार्डशीट ठेवा. पान थोडं करडं येईल, मागची अक्षरं जातील, करडेपणा फोटो सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये उजळता येतो.

उल्हासतीर

एक इशारा इथे द्यायलाच हवा, कारण ऑडिटच्या तक्त्यांचा प्रश्न आहे.

1 बिट थर दाबायला ग्रुप 4 पेक्षा जेबिग2 आणखी लहान फाइल देतं. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक पूर्ण अचूक, तीत काही गमावत नाही. दुसरी चिन्हं जुळवणारी: पानावरचे सारखे दिसणारे आकार शोधते, एकच नमुना साठवते आणि बाकी ठिकाणी तोच छापते. जुळवणी सैल असेल तर 6 च्या जागी स्वच्छ, खणखणीत 8 येतो. जेपीजीत बिघडलेला आकडा निदान बिघडलेला दिसतो, इथे चुकीचा आकडा बरोबर दिसतो.

ही कल्पित भीती नाही. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवलं की झेरॉक्स वर्कसेंटरची काही मशीनं बांधकामाच्या नकाशातले आकडे बदलत होती. तीन खोल्यांची क्षेत्रफळं 14.13, 21.11 आणि 17.42 होती, प्रतीत तिन्ही 14.13 आली. कंपनीला पुढे दुरुस्ती काढावी लागली. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने त्यानंतर स्कॅनिंगसाठी जेबिग2 नको असा पवित्रा घेतला.

आता कोअर चाचणीत 16 न्यूटन प्रति चौरस मिमीऐवजी 18 उमटले तर? रीबाउंड हॅमरचा 26 बदलून 28 झाला तर? सल्लागार, विकासक, महापालिका सगळे त्याच आकड्यावर बोलतील. म्हणून बाहेरून काम करून घेत असाल तर लेखी अट घाला: जेबिग2 वापरलं तर फक्त लॉसलेस (काही न गमावणारी तऱ्हा), नाहीतर ग्रुप 4. मशीनवर 'कॉम्पॅक्ट पीडीएफ', 'हाय कॉम्प्रेशन' अशी नावं दिसली तर आत काय चाललंय ते विचारल्याशिवाय तक्ते त्यात टाकू नका.

दप्तरदार (नेरूळ)

लाख मोलाचा मुद्दा. आता थर पाडायचे कशाने, ते टप्प्याटप्प्याने कोणी सांगेल का? समितीत एक जण लिनक्स वापरतात, कमांड लाइनची अडचण नाही.

पारसिक

मग मोफत साधनांतच सगळं होतं.

1. आधीच्या स्कॅनच्या पीडीएफ असतील तर त्यातल्या प्रतिमा पॉपलरमधल्या 'पीडीएफइमेजेस'ने बाहेर काढा, 'ऑल' पर्याय देऊन. मूळ जेपीजी जशीच्या तशी निघते, पुन्हा दाबली जात नाही. पीडीएफचा स्क्रीनशॉट किंवा पुन्हा प्रिंट काढून स्कॅन, हे अजिबात नको.

2. स्कॅन टेलर अॅडव्हान्स्ड. पान सरळ करणं, मजकुराची चौकट आखणं, समास सारखे करणं हे यात. आउटपुटला 'मिक्स्ड' निवडा. ते फोटोची जागा स्वतः शोधतं, पण विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. 'पिक्चर झोन्स'मध्ये प्रत्येक फोटोपान बघा आणि लागेल तिथे हाताने चौकोन काढा. फोटोवर बाण काढून 'बी-4 कॉलम' असं लिहिलेलं असेल तर तो मजकूर फोटोसोबतच राहू द्या.

3. स्टॅम्प पेपरच्या रंगीत नक्षीवर साधी ऑट्सू थ्रेशोल्डिंग (कोणता ठिपका काळा, कोणता पांढरा हे ठरवणं) फसते, कारण ती अख्ख्या पानाला एकच मर्यादा लावते. सौव्होला निवडा, ती आजूबाजूचा भाग बघून ठिकठिकाणी मर्यादा ठरवते.

4. ओसीआर, म्हणजे प्रतिमेतला मजकूर ओळखणं, टेसरॅक्टने, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र देऊन, आउटपुट एचओसीआर. यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा नोंदलेली असते.

5. थर पाडून पीडीएफ बांधायला इंटरनेट आर्काइव्हचं 'आर्काइव्ह-पीडीएफ-टूल्स', त्यातलं 'रिकोड पीडीएफ'. त्याला दुसऱ्या टप्प्यातल्या सरळ केलेल्या प्रतिमा आणि चौथ्यातला एचओसीआर द्या. त्यासाठी स्कॅन टेलरमधून रंगीत प्रत वेगळी काढा, कृष्णधवल झालेल्या पानात त्याला थर पाडायला काही उरत नाही. पार्श्वभूमी किती पटीने लहान करायची ते सांगता येतं: 3 दिलं तर 300 चे 100 डीपीआय, 2 दिलं तर 150. ऑडिटच्या पानांना 2 च द्या. 100 ला केसाएवढ्या भेगा पुसल्या जातात, आणि त्या भेगांसाठीच तर अहवाल आहे.

नुसत्या मजकुराच्या पानांना एवढं नको. त्यांना दुसऱ्या टप्प्यातून कृष्णधवल काढा आणि सरळ ओसीआरमायपीडीएफ. ते थर पाडत नाही, पण ओसीआरचा अदृश्य मजकूर घालतं, पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपायचा पीडीएफ प्रकार) बनवतं, आणि ऑप्टिमायझेशन 1 वर ठेवलं तर काही गमावत नाही. 2 आणि 3 वर नुकसान स्वीकारलेलं असतं.

तपासणी: 400 टक्के झूम करून तक्त्याचा कोपरा मूळ स्कॅनशेजारी ठेवून बघा. प्रत्येक अहवालातलं किमान एक फोटोपान, एक तक्ता, एक शिक्का.

कळवा_पूर्व

मराठीसाठी एक मोठी जोड. स्कॅन टेलरमधली 'डिस्पेकल', म्हणजे ठिपके साफ करण्याची सोय, मराठी पानांवर बंद ठेवा किंवा सगळ्यात सौम्य ठेवा. ती धूळ समजून अनुस्वार खाते. 10 पॉइंटच्या टायपात 300 डीपीआयला अनुस्वार जेमतेम चार-सहा ठिपके रुंद असतो. तो गेला की 'अंतर' शोधून सापडत नाही, कारण फाइलमध्ये 'अतर' झालेलं असतं. थ्रेशोल्ड जास्त उजळ केला तरी हेच, शिवाय रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या बारीक रेघा तुटतात. बारीक मराठी टाइप असेल तिथे 400 डीपीआय घ्या.

उलट थ्रेशोल्ड गडद झाला तर जुन्या टाइपरायटरच्या जोडाक्षरांचं पोट भरतं, ष आणि प एकच दिसतात.

टेसरॅक्टसोबत बहुधा 'फास्ट' डेटा येतो. मराठीचा 'बेस्ट' डेटा वेगळा उतरवून घ्या, वेळ जास्त लागतो पण जुन्या छपाईला फरक दिसतो. हस्तलिखित इतिवृत्तं टेसरॅक्ट वाचणार नाही, त्यांच्या मागे लागू नका. सभेची तारीख आणि ठराव क्रमांक तक्त्यात टाइप करा, शोधायला तेवढं पुरतं.

आणि साधारण 2000 च्या आसपासची, संगणकावरच बनलेली मराठी परिपत्रकं पीडीएफमध्ये असतील तर फसू नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत ती दिसतात व्यवस्थित, पण मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा कचरा मिळतो. सॉफ्टवेअरला वाटतं मजकूर आहेच, म्हणून ते ओसीआर करतच नाही. ओसीआरमायपीडीएफला 'फोर्स ओसीआर' द्यावं लागतं. यात पानाची प्रतिमा होते, म्हणून मूळ फाइल शेजारी राहू द्या.

दप्तरदार (नेरूळ)

अमोनिया प्रिंटांबद्दल? काही इतके फिके झालेत की रेषा जेमतेम दिसतात. आकार ए1, ए0.

उल्हासतीर

आधी ते उन्हापासून आणि ट्यूबलाइटपासून दूर करा, उजेडानेच ते जातात. स्कॅन रंगीतच घ्या. मग प्रतिमेचे लाल, हिरवा, निळा असे चॅनेल वेगळे काढा. निळी रेषा लाल प्रकाश शोषते, म्हणून लाल चॅनेलमध्ये ती सर्वात गडद येते. निळ्या चॅनेलमध्ये ती जवळजवळ दिसणारच नाही. लाल चॅनेल घेऊन लेव्हल्स ताणा, मग सौव्होला. थेट ग्रेस्केल स्कॅन केलात तर ही संधी गेली.

शिक्क्यांना हेच उलट लागू होतं. लाल शिक्का लाल चॅनेलमध्ये नाहीसा होतो. शिक्क्याखालची तारीख वाचायची असेल तर लाल चॅनेल, शिक्काच वाचायचा असेल तर हिरवा. मात्र ही वाचण्यापुरती प्रत, दप्तराची प्रत रंगीतच.

ए0 म्हणजे 841 × 1189 मिमी, 300 डीपीआयला सुमारे 14 कोटी ठिपके. वाशी-बेलापूरकडे आर्किटेक्टांची कामं करणाऱ्या प्लॉटरवाल्यांकडे रोल स्कॅनर असतो. त्यात कागद रोलरांमधून जातो, घडीवर फाटलेला नकाशा तिथे अडकून पुरता फाटतो. पारदर्शक कॅरिअर शीटमध्ये घालूनच द्या. शीट नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. नकाशाशेजारी एक मोजपट्टी ठेवून स्कॅन करा. रोल स्कॅनरमध्ये कागद घसरला तर लांबी बदलते, पट्टी असेल तर ते लगेच कळतं.

मासुंदा

ठाण्याहून एक जोडप्रश्न. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिका आहेत. छापील फोटो स्कॅन केले की त्यावर चौकटीचं कापड पसरल्यासारखी नक्षी येते.

पारसिक

ती मोआरे नक्षी. छापील फोटो खरा करडा नसतो, बारीक ठिपक्यांच्या जाळीचा असतो. ती जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींत अडकतात. 600 डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे प्रत्येक छापील ठिपका नीट पकडला जाईल. मग फक्त फोटोच्या भागावर गॉसियन ब्लर द्या, ठिपके मिसळेपर्यंत, आणि मग 200 डीपीआयवर आणा. क्रम बदलू नका. आधी लहान करून मग ब्लर दिला तर नक्षी तशीच राहते. स्कॅनरमधलं 'डीस्क्रीन' हेच करतं, पण अख्ख्या पानावर, त्याने मजकूर मऊ पडतो.

खारीगाव_टोलनाका

सभासदांच्या फायलींत आधार कार्डांच्या प्रती असतील. वाटपाच्या प्रतीत पहिले 8 अंक झाकायलाच हवेत. पण पीडीएफवर काळा चौकोन काढणं म्हणजे झाकणं नाही. चौकोन हलवला की खाली नंबर आहेच, आणि ओसीआरच्या अदृश्य मजकुरातही आहे. प्रतिमेवरच काळं करा, तेही ओसीआर आणि थर पाडण्याच्या आधी.

गोखले_रोड

साठवणीचं माझ्याकडून. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, मग विषय, रोमन लिपीत आणि मोकळ्या जागा न सोडता. देवनागरी नावं काही पोर्टलांवर अपलोड होताना मोडतात. एका फाइलमध्ये एकच दस्तऐवज. 'फाइल क्र. 7' अशी 400 पानांची पीडीएफ कोणी उघडत नाही.

प्रती तीन: एक सोसायटीच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. ती हार्ड डिस्क सोसायटीच्या कार्यालयात ठेवू नका, तळमजल्यावर पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जातील.

प्रत्येक मूळ फाइलचा एसएचए-256 हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून यादी ठेवा आणि ती छापून सचिवांच्या सहीने फाइल करा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 हा 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना जे प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. यादी आजच असेल तर तेव्हा धावपळ नाही. आणि कागद रद्दीत घालू नका, स्टॅम्प पेपर तर मुळीच नाही.

दप्तरदार (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. एक राहिलं: इतिवृत्तांच्या समासात पेन्सिलने खुणा आहेत, त्या थरांत टिकतील का?

पारसिक

बहुधा नाही. पेन्सिल फिकी असल्याने मास्कमध्ये जात नाही, पार्श्वभूमीत पडते आणि 100 डीपीआयला विरघळते. त्या वह्यांना थर पाडूच नका. 300 डीपीआय ग्रेस्केल, जेपीजी दर्जा 80, आणि वहीनिहाय वेगळी पीडीएफ. पानामागे 500-600 केबी जातील, जाऊ द्यात.